कोंबड्याचा खुराक

आमच्या कोंबड्याला व्हिटॅमिन द्यायचं मी ठरवलं, ते केवळ त्याचा जीव वाचावा म्हणून. खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नव्हतं आणि सासूबाईंनी निकाल दिला होता, "पुढच्या खेपेलाही असंच झालं, तर हा पातेल्यात."

हे ऐकून आमची लेक जेवेनाशी झाली. (लेक जेवली नाही की माझा अर्धा जीव जातो. उरलेला अर्धा, ती जेवताना ठसका लागेल म्हणून जातो.)

मी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. "वय झालंय, कस कमी पडत असेल," ते म्हणाले. "व्हिटॅमिन ई देऊन बघा. नराला फरक पडतो त्याने."

औषध कालवलेला भरडा अंगणात ठेवला. पण आमचं ध्यान भलतंच कुटुंबवत्सल. दाणा दिसला की स्वतः चोच न लावता सगळ्या बायकांना हाका मारणार, आणि त्या येऊन फडशा पाडणार. औषध त्यांच्या पोटात, हे उपाशी.

"अगं, असं कसं चालेल?" नवरा म्हणाला. "लेकीला भरवतेस तसं भरव की."

झालं. कोंबडा उचलून मी न्हाणीशेजारच्या खोलीत ठेवला. दार बंद, खाली मऊ पोतं आणि हाताने भरवणं. ("हा घास आजीचा" म्हटलं की तो मान फिरवायचा.)

महिन्याभरात तुरा लालबुंद झाला, पिसं चमकू लागली. आरवणं असं की शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. मी खुशीत ताजी अंडी कोंबडीखाली मांडली. आठवड्याने अंधारात बॅटरीसमोर धरून पाहिली, तर सगळी कोरी, एकातही जीव धरलेला नाही.

सासूबाईंनी पातेलं घासायला घेतलं. लेकीने भोकाड पसरलं. मी तशीच धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

त्यांनी कोंबडा उलटासुलटा करून तपासला. "ठणठणीत आहे की. राहतो कुठे?"

"इथेच, या खोलीत," मी अभिमानाने म्हणाले. "एकाही कोंबडीला मी आसपास फिरकूसुद्धा देत नाही."

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नवरा छताकडे बघू लागला. (प्राणिशास्त्रात माझी पदवी आहे. पहिला वर्ग.)

सासूबाईंनी पातेलं फळीवर ठेवलं, दार उघडून कोंबड्याला अंगणात सोडलं आणि माझ्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"असू दे, सूनबाई. पण मला नात झाली तरी कशी, याचंच आता नवल वाटतंय."