एकेचाळिसावा प्रश्न

शहाद्याचे नवनीत पाटील स्वतःविषयी बोलण्याआधी घसा साफ करत. संगणकात दडून बसलेला गुन्हेगार आपल्या पावलांच्या आवाजानेच कबुली देतो, असे ते सांगत. चपला फटफट वाजत, एवढे खरे. गुन्ह्याचा वास त्यांच्या नाकाला आजवर चुकला नव्हता, सर्दीचे दिवस वगळून. एकही प्रकरण अजून उलगडले नव्हते, पण त्याचे कारण त्यांच्याकडे तयार होते: त्यांच्या नावाच्या धाकाने तालुक्यातले गुन्हेगार आधीच सुधारले होते.

हे सगळे चारुलता वहीत टिपून घेई. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. टिपले नाही तर सर पुन्हा पहिल्यापासून सांगत, हे तिला अनुभवाने कळले होते.

बारा वर्षांपूर्वी सरांनी ‘पाटपाणी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या शेताला पाटाचे पाणी कधी आणि किती वेळ, याची पाळी तो लावून देई. प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला होता. कोणीही फुकट वापरावा, उघडून पाहावा, सुचेल तो बदल करून पाठवावा. सतरा गावे त्यावर चालत. तपासणीची पद्धत सोपी होती: नवी आवृत्ती सोडायची आणि फोनकडे बघत बसायचे. फोन आला नाही की आवृत्ती यशस्वी.

मग मागच्या उन्हाळ्यात पाटपाणीने सोनीबाईंना ३१ एप्रिलची पाळी दिली. बाई त्या दिवसाची वाट बघत राहिल्या. एक मेला पाटावर गेल्या तेव्हा पाळी उलटून गेली होती, आणि त्यांची पपई उभी वाळली.

चारुलतेने त्याच आठवड्यात ठरवले की यापुढे तपासणी यंत्रानेच करायची. तिने चाळीस प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरे लिहून घेतली. प्रोग्रॅममध्ये कोणीही काडीचा बदल केला, की संगणक ते चाळीस प्रश्न आपणहून विचारणार. उत्तर बरोबर आले तर हिरवे, चुकले तर लाल. बारा वर्षांच्या प्रोग्रॅमला पोरासोरांसारखे परीक्षेला बसवायचे, हे सरांना अपमानास्पद वाटले. पण लाल झाल्यावर तपास करावा लागेल हे कळताच त्यांनी परवानगी दिली.

पहिल्याच दिवशी एकोणचाळीस हिरवे आणि एक लाल आले. नंदुरबारकडे काही लाल झाले की माणसाला मिरची पिकल्याचा आनंद होतो. सरही आधी खूश झाले, आणि मग त्यांनी भिंग काढले.

अठ्ठाविसावा प्रश्न होता, मार्चमधली आठवी पाळी कोणत्या वारी येते. उत्तर सोमवार हवे होते. पाटपाणी मंगळवार म्हणत होता. चारुलतेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तीनदा मोजले. सोमवारच येत होता.

सरांचा पहिला संशय जियावर गेला. नंदुरबारच्या अमरचंदशेठच्या या नातीने महिन्यापूर्वी एक बदल पाठवला होता. ‘पाणि’ हा शब्द तिने ‘पाणी’ केला होता. वेलांटी दीर्घ झाली की उच्चाराला वेळ लागतो, म्हणून वार पुढे सरकला, असा सरांचा निष्कर्ष निघाला. ते शेठच्या पाइपांच्या दुकानात चौकशीला गेले. शेठना वाटले, गिऱ्हाईक आले. परतताना सरांच्या हातात पाइप वळवायचे दोन एल्बो होते. पुरावा म्हणून जप्त केले, असे ते म्हणाले.

दुसरा संशय हे प्रश्न विचारणाऱ्या परदेशातल्या संगणकावर गेला, कारण त्याला आपला सोमवार ठाऊक नसावा. तिसरा तर्क सर्वांत खोल होता. जेव्हा जेव्हा लाल झाले, तेव्हा तेव्हा चाचणी घटनास्थळी हजर होती. सबब तीच गुन्हेगार, आणि तिला काढून टाकावे.

चारुलतेने वही मिटली.

“सर, आज एक लाल काढला तर उद्या प्रत्येक लाल काढाल. मग सोनीबाईंना काय सांगायचं?”

सरांनी तावातावाने भिंतीकडे हात केला. सोमवार डोळ्यांनी दिसत असताना आणखी काय हवे, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात त्यांच्या आई जमनाबाई चहा घेऊन आल्या. हाताच्या दिशेने त्यांनीही पाहिले.

“हाई कॅलेंडर गया सालनं शे. देवीना फोटो शे म्हनीसन मी काढं नही.”

अठ्ठाविसावा प्रश्न तेवढा संस्थापक या नात्याने सरांनी स्वतः, त्याच कॅलेंडरवरून, लिहिला होता. आपण हे ओळखलेच होते, फक्त आईला संधी दिली, असे ते चहा पिताना म्हणाले. तीनदा मोजल्याची गोष्ट चारुलतेने वहीत टिपली नाही. उत्तर मंगळवार केले आणि चाळीसही हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या अगदी टोकाला शेत असलेले उदेसिंगभाऊ आले. यंत्र प्रश्न विचारते हे त्यांच्या कानावर गेले होते. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

“मन्हा बी एक सवाल लिखी ले,” ते म्हणाले. “शेवटला शेतले बाकीनाइतलंच पानी भेटस का?”

चारुलतेने एकेचाळिसावा प्रश्न लिहिला. तो लाल झाला.

या वेळी कॅलेंडर यंदाचे होते. तिने प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक शेताची वेळ पाचाच्या पटीतल्या पुढच्या आकड्यापर्यंत वाढवली जात होती, आणि एकेकाची ती वाढीव दोन-दोन मिनिटे शेवटच्या शेताच्या वाट्यातून जात होती. दर पाळीला जवळजवळ एक तास. कोणती ओळ कधी कोणी लिहिली, याची नोंद पाटपाणीत असतेच. सरांनी भिंग न घेता ती वाचली. बारा वर्षांपूर्वी, नवनीत पाटील.

उदेसिंगभाऊंना समजायला वेळ लागला.

“माले वाटे, उंदीर पाटमा बीळ करतस,” भिंत लिंपल्यासारखा हात फिरवत ते म्हणाले. “बारा साल मी पाट लिपी ऱ्हायनू.”

सर उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला नाही.

“उदेसिंगभाऊ, बीळ मन्हं शे.”

मग ते दुपारपर्यंत ती ओळ दुरुस्त करत बसले. उदेसिंगभाऊंनी शेजारी खुर्ची ओढून घेतली. एकेचाळीसच्या एकेचाळीस हिरवे झालेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना उठायचे नव्हते.