जावयाच्या मागं लागलेली पब्लिक

ती शर्यत मीच जिंकणार होतो. ही बढाई नाही, विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो. तिवशाच्या शाळेत नववीला वेग शिकवताना मी फळ्यावर माझं आणि भगवंतचं गणितच मांडून दाखवलं होतं. भगवंतचं पोट सुटलंय, माझं नाही. त्याचा गुडघा दुखतो, माझा नाही. उत्तर : सर पहिले. आता त्या गणितात सासुरवाडी कुठं मांडायची, हे कुठल्या पुस्तकात दिलंय ते तुम्हीच सांगा!

भगवंत माझा कॉलेजपासूनचा मित्र. लांब पल्ल्याच्या शर्यतीत आम्ही दोघं बरोबर उतरायचो. तो पहिला यायचा, मी दुसरा. माझ्या घरातली सगळी पदकं दुसऱ्या नंबरची आहेत. पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली, लग्नाची बोलणी निघाली, आणि भर बैठकीत सासरे केशवराव म्हणाले, "आमी पोरगी मास्तरले देऊन राहिलो, पयनाऱ्याले नाही. चड्डीवर रस्त्यानं पयनं शोभते का मानसाले?" मी मान डोलावली. पळणं सोडलं नाही, सासुरवाडीला कळू देणं तेवढं सोडलं.

यंदा अकोल्यात चाळिशीपुढच्यांची दहा किलोमीटरची शर्यत निघाली. रस्ता नेमका सासऱ्यांच्या गल्लीतून! बायको रागिणी म्हणाली, "बाबाले एक फोन करून द्या ना."

"काहाले? गल्लीतून असा निंगून जातो का कोनाले दिसनारबी नाही," मी म्हणालो.

शेवटच्या टप्प्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. मागे भगवंतची धाप ऐकू येत होती, त्याच्या मागे पन्नासेक जण. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कोणाची पाठ नव्हती. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्याच आनंदात मी गल्लीत वळलो.

गल्लीच्या तोंडाशी शाहनवाजची फळांची गाडी असते. तो मला माझ्या लग्नापासून ओळखतो, पण इस्त्रीच्या प्यांटीत. चाळिशी उलटलेला मास्तर चड्डीवर जिवाच्या आकांतानं पळतोय आणि मागे पन्नास पुरुष, हे पाहून त्यानं काय समजायचं? तो ओरडला, "माणिकबाई, दरवाजा खोलो! तुमच्या जमाईच्या मांगं पब्लिक लागली!"

माणिकबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. उठल्या, माझा दंड धरला, मला आत ओढलं आणि कडी लावली. बाजारात भाजी विकताना पोती उचललेले हात आहेत ते, माझं काही चाललं नाही.

"बापा बापा, अंगावरचे कपडेबी काढून घेतले मेल्याइनं," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर छातीवर गेली. "आन हा नंबर कोनं डकवला? पोलिसानं?"

"शर... शर..." मी म्हणालो. थांबल्याबरोबर दम असा भरून आला की 'शर्यत' हा शब्द काही पुरा होईना.

"सरबत पायजे का? बसा, आनते."

"शर... यत!"

"हो हो, सरबतच आनून राहिली ना मी. घाबरू नोका."

इकडे लिंबू कापणं चाललं होतं, तिकडे दाराबाहेर सासरे काठी घेऊन उभे. त्यांचा आवाज मला खिडकीतून ऐकू येत होता. "माह्या जावयाच्या मांगं काहून लागले बे? गरीब मास्तर हाय तो!" लोक बिचारे काठी चुकवून पळत होते. तेवढ्यात भगवंत आला. सासऱ्यांनी त्याला ओळखलं. "तू? लग्नात पंगतीले जेवला, आन आता तूबी?"

भगवंतला सगळं कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर दार उघडलं असतं. पण हा माझा जिवलग मित्र काय म्हणाला?

"काका, कडी उघडू नोका. लोकं लय तापले हायेत."

आणि गेला पुढे! सांगा, याला माणूस म्हणायचं?

सरबत संपेपर्यंत सासूबाईंनी मला बोलू दिलं नाही. ग्लास खाली ठेवल्यावर मी शर्यतीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि कडी उघडली. पण बाहेर पडू देतील तर शपथ. "अशे उघडे जासान का गल्लीतून? लोकं का म्हनतीन?" शेवटी सासऱ्यांचा पायजमा चढवून, नाडी एका हातात धरून मी उरलेलं अंतर पळालो. मैदानावर पोचलो तेव्हा मांडव सोडणं चाललं होतं. भगवंत चषक घेऊन फोटोला उभा होता. मला पाहून म्हणाला, "सरबत गोड होतं का?"

पायजमा परत करायचा म्हणून सासुरवाडीला जाणं भाग होतं. आता केशवराव बैठकीतलं सगळं उकरून काढणार, या धास्तीनं मी गल्लीत शिरलो. ओट्यावर शेजारपाजारचे जमले होते आणि मधोमध सासरे बोलत होते.

"पन्नास लोकं मांगं होते, पन्नास! पन आमचा जावई एकाच्याबी हाती नाही लागला. म्या सोताच्या डोयानं पायलं, सगळ्याइच्या पुढं होता."

"मंग नंबर कितवा आला?" शाहनवाजनं विचारलं.

"आमच्या दारापावतर पहिला," सासरे म्हणाले. मग मला पाहून थोडे सरकले आणि शेजारी जागा करून दिली. म्हणाले, "बसा. पुढच्या खेपेले सांगून पया." "पुढची शर..." मी बोलायला सुरुवात केली. सासूबाईंना वाटलं, पुन्हा सरबत हवंय.

सोमवारी नववीनं निकाल विचारला. मी सांगितलं, "पहिला." कुठपर्यंत, ते कोणी विचारलं नाही.