देवाचे सात किलो

"आत्या, आजपासनं मी वजन कमी करणार! अन् गेलेलं वजन पुन्हा या घराचा उंबरा चढणार न्हाय! हा निर्णय जन्माचा हाय!"

जळकोटच्या उत्कर्षनं ही घोषणा दिवाळीच्या फराळाच्या ताटासमोर मांडी ठोकून केली. घोषणेत एवढा जोर होता की तोंडातला अर्धा बेसनलाडू समोर बसलेल्या सत्यभामाआत्यांच्या पदरावर उडाला.

"आधी तोंडातलं गिळ, बाबा," आत्या पदर झटकत म्हणाल्या. "निर्णय काय पळून चाललाय व्हय?"

उत्कर्षनं गिळलं. मग निर्णय कोऱ्या पाटीवर सुरू व्हावा म्हणून ताटातले उरलेले दोन लाडूही संपवले.

वय चोवीस, वजन चौऱ्याण्णव. आईबापामागं आत्यांनीच त्याला आणि थोरल्या बहिणीला, सोनालीला, लहानाचं मोठं केलं. त्यातला उत्कर्ष जरा जास्तच मोठा झाला. दसऱ्याला तो कृषी सहायक म्हणून नोकरीला लागला आणि वजन उतरायची उरलीसुरली आशाही गेली. पिकाला पाणी किती, खत किती, हे तो शेतकऱ्यांना मोजूनमापून सांगायचा. साहेबाला चहा किती, हे मात्र कुणीच मोजत नव्हतं. एका फेरीत अकरा कप चहा, प्रत्येकाबरोबर "घ्या की साहेब, घरचंच हाय!" शेवटी जिना चढताना साहेबांची शिट्टी कुकरसारखी वाजायला लागली, तेव्हा ते तुळजापूरला डॉक्टरीणबाईंकडं गेले.

"उपाशी राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "पावडरी, काढे काही घ्यायचे नाहीत. घरचीच भाकरी, डाळ, भाजी पोटभर खा. साखर-तळण कमी. रोज चाला, वेळेवर झोपा. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झालं."

"सुई बिई?"

"नाही."

"निदान एखादी गोळी?"

"चाला," बाई म्हणाल्या. ही सूचना आहे की निरोप, ते उत्कर्षला रस्त्यावर आल्यावरही कळलं नाही.

पण गडी चालला! फटफटी वेशीत लावायची आणि शिवारात पायी फिरायचं. पहिल्या आठवड्यात सहा जणांनी, बंद पडली समजून, फटफटीला धक्का मारून दिला. सातव्यानं तर प्लग काढून साफसुद्धा केला. "बिनसाखरेचा चहा द्या," म्हटलं की आतून मायमाउल्या कळवळून विचारायच्या, "इतक्या लहानपणी शुगर निघाली व्हय रं लेकरा?" आणि त्या दुःखात दोन चमचे जास्तच टाकायच्या. तरी उत्कर्ष हटला नाही. साडेतीन महिन्यांत, अर्धा-अर्धा करत, काटा सत्त्याऐंशीवर आला आणि तिथंच टिकला. धाप गेली, झोप आली, आणि कैक वर्षांनी त्याला स्वतःच्या चपलांचा रंग वरनं दिसला.

आणि इथंच घात झाला!

चैत्रातल्या भैरोबाच्या जत्रेला आठ दिवस उरले होते. आत्यांनी जत्रेसाठी त्याला नवा पायजमा शिवून आणला, शिंप्याकडं असलेल्या जुन्याच मापानं. उत्कर्षनं तो चढवला, नाडी बांधायच्या आत, पोटाच्या भरवशावर हात सोडला, आणि पायजमा थेट घोट्यावर जाऊन बसला!

आत्यांनी कपाळाला हात लावला. "आरं, तू वाळलास!"

"व्हय!" उत्कर्ष फुशारकीनं म्हणाला. "सात किलो!"

"मेले मी! आरं, ते वजन तुझं न्हवतं, देवाचं व्हतं!"

मग उलगडा झाला. मागच्या जत्रेत आत्यांनी नवस बोलला होता: पोराला नोकरी लागू दे, पुढच्या जत्रेला त्याची गूळतुला करीन. आणि आत्यांचं काम चोख. देवाला हिशोबात संशय नको म्हणून त्यांनी त्याच दिवशी उत्कर्षला आयुबचाचांच्या आडतीत नेऊन सोयाबीनच्या काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा देवळात मोठ्यानं सांगितला होता. चौऱ्याण्णव! त्यावर शांतलिंग गुरवानं घंटाही वाजवली होती. आता चौऱ्याण्णव किलोच्या ढेपा पोत्यात बांधून सुतळीनं शिवून ओसरीवर पडल्या होत्या, आणि माणूस भरत होता सत्त्याऐंशी!

"सात किलो गूळ कमी घालायचा," उत्कर्ष म्हणाला.

"अन् देवानं नोकरी सात किलो कमी केली मंजे?"

शांतलिंग गुरवाला विचारलं. त्यानं डोळे मिटून निवाडा दिला, "शब्द निघाला त्या दिवशीचं वजन धरायचं. गूळ चौऱ्याण्णव, माणूस चौऱ्याण्णव. पोराला आठ दिवस चांगलं खाऊ घाला."

हा निवाडा देताना, तुलेतला चौथा हिस्सा गुरवाचा असतो, ही गोष्ट त्याच्या मनातही नव्हती. निदान चेहऱ्यावर नव्हती.

झालं! अख्खी आळी कामाला लागली. गूळ गावभर वाटला जाणार, तेव्हा उत्कर्षचं पोट हा आता सार्वजनिक प्रश्न होता. सकाळी धपाटे-लोणी, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू. उत्कर्ष प्रत्येक ताटाला हात जोडायचा. ताट आणणारी बाई म्हणायची, "माझ्यासाठी न्हाय रं, देवासाठी खा!"

त्यानं नाही खाल्लं. पण आत्यांनीही खाणं सोडलं. त्या नुसत्या भिंतीला टेकून बसायच्या. "तुझी नोकरी गेली तर माझ्या जिभेमुळं जाईल," एवढंच म्हणायच्या. जिनं आपल्या तोंडचा घास काढून आपल्याला भरवला, ती बाई आपल्यापायी उपाशी बसावी? उत्कर्षला भाकरी गोड लागेना.

जत्रेच्या आदल्या दिवशी त्यानं आयुबचाचांची आडत गाठली.

"चाचा, एक पाच किलोचं अन् एक दोनचं माप द्या की. बियाणं तोलायचंय."

"घे बेटा. उद्या काट्यापाशी आण म्हणजे झालं."

मंडळी, देवाच्या तुलेचा काटा म्हणजे आयुबचाचांचा मान. त्यांच्या वडलांपासनं तो त्यांच्याकडं चालत आलेला. जत्रेदिवशी चाचांनी देवळापुढच्या लिंबाच्या फांदीला दांडी टांगली, साखळ्या तपासल्या. एका फळीवर ढेपा चढल्या. दुसऱ्या फळीवर उत्कर्ष बसला, पाय खाली सोडून. पायजम्यात, नाडीला बांधलेली, लोखंडाची दोन मापं. वरनं लांब सदरा. चेहऱ्यावर अशी शांती की नवी नवरी बरी!

"आत्या, जेवणार ना आता?" त्यानं हळूच विचारलं.

"काटा बरोबर येऊ दे, बाबा," त्यांनी डोळे टिपले.

शेवटची ढेप चढली. दांडी हलली, डोलली आणि बरोबर मधोमध येऊन थांबली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" गर्दी ओरडली. शांतलिंगनं घंटेला हात घातला. उत्कर्षनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाला नाडी तयार नव्हती.

तट्ट!

फळी झुकली, आणि पायजम्याच्या डाव्या पायातून पाच किलोचं माप धप्पकन शांतलिंगच्या अंगठ्यापाशी पडलं. त्यानं घंटा सोडून अंगठा मागं ओढला. एवढ्यात उजव्या पायातून दोनचं माप आलं, टण्ण! आणि विहिरीतनं बादली यावी तसा उत्कर्ष सुळ्ळकन वर गेला!

वर उत्कर्ष, खाली मापं. फांदीवरच्या पोळ्यातून मध गळावा तसं ते लोखंड पोरातून गळलेलं सगळ्या गावानं पाहिलं होतं.

आयुबचाचांनी माप उचललं. "हे तर माझंच! बियाणं तोलणार व्हतास न्हवं?"

"चाचा..."

"बापाच्या काळापासनं हा काटा कधी खोटं बोलला न्हाय, बेटा. आज माझ्याच मापांनी बोलायला लावलंस?"

उत्कर्षची मान खाली गेली. वर असूनही खाली गेली. "चुकलो, चाचा. आत्या, तुमच्यापुढं बी चुकलो. तुमी जेवत न्हवता, मला दुसरं सुचलं न्हाय. पण ते सात किलो मी परत चढवणार न्हाय. अर्धा-अर्धा करून उतरवलेत. आता जिना चढताना छाती भरून येत न्हाय. नवस माझ्या चांगल्यासाठीच बोलला व्हता ना तुमी? मग हे चांगलंच झालंय की!"

आत्या वर बघत राहिल्या. मग त्यांची नजर सोनालीच्या कडेवरच्या पोरीवर गेली. आरोही. सात महिन्यांची, दोन्ही गाल टम्म फुगलेल्या पुरीसारखे.

"सोनाली," आत्या हळूच म्हणाल्या, "हिचं वजन किती भरलं परवा?"

"अंगणवाडीत तोलली तवा सात किलो भरलं. का?"

"मागच्या जत्रेला ही व्हती का?"

"कुठं असणार, आत्या?"

"मग देवाचं कमी कुठं झालं?" आत्यांचा आवाज एकदम देवळाच्या कळसापर्यंत चढला. "एका लेकराचं उतरलं, दुसऱ्या लेकराला चढलं! घरातलं घरातच हाय! का हो शांतलिंग, देवाला चालतंय का न्हाय?"

शांतलिंगनं ढेपांकडं पाहिलं, अंगठ्याकडं पाहिलं. "पळतंय," तो म्हणाला.

फळी खाली ओढली. आरोहीला मामाच्या मांडीवर ठेवलं. आयुबचाचांनी हात काढून घेतला. दांडी डोलली आणि मधोमध उभी राहिली!

घंटा, हलगी, भंडारा, सगळं एकदम उसळलं. चाचांनी मापं पुसून फडक्यात बांधली आणि हसले. गुळाचा पहिला खडा आत्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

"ऊठ लेका! देवाच्या पाया पड!"

उत्कर्ष उठला नाही.

"दे की रे आरोहीला," सोनालीनं हात पुढं केले. त्यानं भाचीला आणखी घट्ट धरलं.

"माया बघा पोराची!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "भान हरपलंय त्याचं!" शांतलिंगनंही डोळे पुसले. आत्या गहिवरून जवळ आल्या, त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. "काय पाहिजे माझ्या राजाला?"

उत्कर्षनं मान झुकवून त्यांच्या कानात सांगितलं,

"आत्या, गुळाच्या पोत्याची सुतळी असंल बघा तिथं. तेवढी कंबरभर द्या."