दोन वाजताचा हॉर्न

गाडीच्या वॉरंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला अकोट तालुक्यात मी एकटाच असेन. शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे बारीक अक्षर वाचायची सवय आहे. कशाला वॉरंटी आहे आणि कशाला नाही, मला झोपेतून उठवून विचारा! म्हणूनच त्या दुपारी आमच्या उभ्या गाडीने आपोआप हॉर्न दिला तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

खरं म्हणजे माझ्या हातातली आमरसाची वाटी पडली.

मे महिना, दुपारचे दोन. अशा वेळी आमच्या गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. गाडी अंगणात उन्हात उभी होती. काचा बंद, आत कोणी नाही, चाबी माझ्या खिशात. आणि हॉर्न वाजला. एक, दोन, आणि जरा थांबून तिसरा. मग इतकं शांत झालं की कूलरमध्ये ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

गाडी माझ्या वडिलांची, खुशालरावांची. फेब्रुवारीत ते गेले. त्याआधी रोज याच वेळेला ते शेतातून परत यायचे आणि फाटक उघडावं म्हणून असेच तीनदा हॉर्न द्यायचे.

"अहो, बाबा तं नाई?" माझी बायको वर्षाली हळूच म्हणाली.

"हॉर्नचा स्विच हाय तो. त्याले वॉरंटी हाय."

"मंग जाऊन पाहा ना."

"ऊन उतरू दे."

दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला तेच. आम्ही दोघंही कूलरची खोली सोडून पुढच्या खोलीत आईजवळ पळालो. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच बसलेली असायची. ताट नेऊन दिलं की अर्धी भाकर मोडायची आणि ताट सरकवायची. तीन महिन्यांत इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, तेही तिने तसंच ठेवलं. मला तर भीती वाटायची की बाबांच्या मागे हीही जाते की काय.

त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "तिघांचं बी ताट इथंच आन, वर्षाली." आणि तिने अख्खी भाकर खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. जेवण झाल्यावर एक घास केळीच्या पानावर घेऊन ती उन्हात निघाली आणि गाडीच्या तोंडाशी वाकली. मला ते पाहवेना, मी मान फिरवली.

तेव्हापासून नेमच झाला. दोनला हॉर्न वाजायचा, आम्ही आईजवळ धावायचो, तिघं जेवायचो, आणि आई गाडीला घास द्यायची. आई सावरत चालली आणि गाडी बिघडत चालली. एका दुपारी गाडीचे वायपर चालू झाले, कोरड्या काचेवर, सावकाश, जणू आतल्या माणसाला बाहेरचं नीट दिसत नव्हतं. दोन दिवसांनी भर उन्हात दिवे लागले. मग चालवणाऱ्याच्या बाजूची काच आपोआप अर्धी खाली आली. बाबा नेमकी तेवढीच खाली करून कोपर बाहेर काढायचे. मी हिंमत करून आत बसलो, एसी लावला, तर त्यातून ज्वारीच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास आला. बाबांच्या शिदोरीचा. वर डॅशबोर्डच्या आतून कोणीतरी नखांनी खरवडत होतं. मी दार लावायचंही विसरून घरात आलो.

वॉरंटी संपायला तीन दिवस उरले होते.

"अकोल्याले नेऊन टाका न," वर्षाली म्हणाली.

"दुरुस्त झाली आन हॉर्न बंद पडला, तं माय जेवन का?"

 विज्ञानाच्या पुस्तकात याचा धडा नव्हता. रात्रभर तळमळलो आणि सकाळी ठरवलं की न्यायचीच, कारण त्या वायरी कधी पेट घेतील याचा नेम नव्हता. आईला सांगितलं तर ती पातळ बदलून तयार! "मी बी येतो," म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. अकोल्यापर्यंत खरवडणं चालूच होतं. मी स्टेअरिंग घट्ट धरून होतो आणि मागे वर्षाली पाय सीटवर घेऊन बसली होती. आई मात्र खिडकीतून कापूस निघालेली पऱ्हाटीची मोकळी वावरं पाहत होती.

सर्व्हिस सेंटरला दानिश नावाच्या मेकॅनिकने गाडी आत घेतली. तासाभराने त्याने आम्हा तिघांना बोलावलं.

"सर, हॉर्नचं कळलं. स्टेअरिंगवरचा पॅड उन्हानं फुगते आन आतला पत्रा टेकते. म्हणून बरोबर दुपारीच वाजते. कंपनीचा दोष हाय, फुकट बदलून देतो."

"आन वायपर? दिवे? काच?"

त्याने बोनेट उचललं. आत केळीच्या सुकल्या पानांचं ऐसपैस घरटं होतं आणि त्यात भाकरीचे तुकडे. आजूबाजूच्या वायरी सोललेल्या.

"हे उंदरांचं काम. वॉरंटीत नाई बसत. बुरा नका मानू सर, पन या उंदरांले समोरच्या जाळीतून जेवाले कोन देऊन राहिलं?"

मी मान खाली घातली. आता आईसमोर कसं बोलायचं, की तुझा घास बाबांना पोचत नव्हता? तिचा हात धरला आणि म्हणालो, "माय, बाबा नव्हते वं ते."

"मले माईत हाय," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. त्या घासात मीठ टाकाचं राहून गेलतं. ते असते तं साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असे बोंबलले असते."

दानिश हसला आणि लगेच गंभीर झाला.

"मंग रोज घास कावून ठेवत होती?" मी आईला विचारलं.

"मी बंद केलं असतं तं तुमची भीती गेली असती. तीन महिने ताट ठेवून तुमी दोघं थंड्या खोलीत जात होते. एकटीच्या गळ्याखाली घास उतरत नाई, बाप्पा. हॉर्न वाजू लागला तं तुमी माह्यापाशी बसू लागले."

हे तिने काही तक्रार म्हणून सांगितलं नाही, सहज सांगितलं. वर्षाली पदराने डोळे पुसू लागली. इतके दिवस मी आईला जपत होतो अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीची मला आता फार लाज वाटली.

"वायरिंगले संध्याकाळ होईन, सर," दानिश म्हणाला. "तोपर्यंत काय करता?"

तिघांना एका टेबलावर बसून जेवता येईल असं जवळपास काही आहे का, ते मी त्याला विचारलं.