कपाटात डोकं घालणारे माधवकाका

माधवकाका कुणाकडे गेले की आधी नव्या कपाटाचं दार उघडून आत डोकं घालतात आणि वीसपर्यंत आकडे मोजतात. पाणी नंतर पितात. डोळे चुरचुरले तर कपाट नापास.

नांदेडच्या एमआयडीसीत, प्लायवूडच्या कारखान्यात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं फळीचे थर चिकटवायला युरिया आणि फॉर्मॅलिन शिजवलं. साहेब त्याला रेझिन म्हणत, काका डिंकच म्हणतात. "कापसाला टाकता त्योच युरिया. पर डिंक कच्चा राहिला, तर वरीसभर फॉर्मॅलिन फळीतून निघून राहतंय."

तेव्हापासून त्यांचा कशावरच भरवसा नाही. लग्नात मेलामाइनचं ताट दिसलं की, त्यातही फॉर्मॅलिन असतं म्हणून, वरण द्रोणात मागतात. भाच्यानं दिलेला, इस्त्री न लागणारा शर्ट त्यांनी तीनदा धुऊन मगच घातला. "चुण्या का पडत न्हाईत? कायतरी लावलंय." आमचा सुतार तर त्यांना पाहून गल्ली बदलतो. एकदा सापडला.

"काका, आयएसआयचा शिक्का हाय की फळीवर!"

"शिक्का मारणाऱ्याला बी वळखतो मी."

आई गेली त्याला महिना झाला होता. काका तिला आक्का म्हणत; मी शिक्षक, म्हणून मला सर. तिच्या साड्या धूळ लागू नये म्हणून मी नव्या कपाटात ठेवल्या होत्या. काका भेटायला आले, सवयीनं आत डोकं घातलं आणि बारावरच थांबले.

"सर, आक्काच्या साड्या भायेर काढा. आत्ताच."

"का? कसर लागली?"

"हप्त्याभरात आक्का ऱ्हायची न्हाई त्यात. नुसता कारखाना ऱ्हाईल."

मी गठ्ठा पलंगावर आणला.

"बगा, हाय का अजून?"

मी एका साडीत तोंड खुपसलं. कापूर, तपकीर. तोंड वर न काढताच म्हणालो, "आहे."

"वाचलं मग."

"काका, तुमचं नाक भलतंच तिखट."

"नाक कुठलं? ते कारखान्याच्या वाफेतच गेलं. डोळ्यावर चालून राहिलंय सगळं."

ते पलंगाच्या कडेला बसले. साड्यांना हात मात्र लावला नाही.

"तुमची काकी गेल्यापासनं तिच्या साड्या लोखंडी पेटीत ठिवल्यात मी. लई जपून." मग म्हणाले, "सर, उद्या या की घरी. पेटी उघडतो. तिच्या खोबरेल तेलाचा वास येतो का, तेवढं सांगा."