मन्मथअप्पांची तिपाई

मन्मथअप्पा चाकाला कान लावून बसले की गाडीतल्या माणसांनी बोलायचं नाही, असा दंडक होता. खोकायचंही नाही. भर रस्त्यात गाडी उभी करून अप्पा गुडघे टेकायचे, टोपी काढून काखेत धरायचे, उजवा कान टायरला चिकटवायचे आणि डोळे मिटायचे. मग बाजारात कलिंगड घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेराने टायर वाजवून बघायचे. आम्ही प्रवासी तोवर श्वास धरून बसलेलो. शेवटी धोतराची माती झटकत अप्पा उठायचे आणि निकाल सांगायचे, "हाय. सध्या तरी हाय."

त्या 'सध्या तरी'ने पुढची सगळी वाट जिवाला घोर लागायचा.

मी तेव्हा युसूफ वडगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून नवीनच लागले होते आणि अप्पांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. गावात नुकतेच रंगीत टीव्ही आले होते, दुकानात पुडीतला शाम्पू टांगलेला दिसू लागला होता, तरुण पोरं पुण्याच्या कंपन्यांच्या गप्पा मारत होती. पण एसटी मात्र पूर्वीसारखीच मनाला येईल तेव्हा यायची. केजच्या बाजाराला जायचं तर अप्पांची तिपाई. तिपाई हे नाव गावाने ठेवलेलं. पुढून फटफटी आणि मागून बैलगाडी, असा तो प्रकार होता. एका जुन्या फटफटीचं मागचं चाक काढून कुणा लोहाराने तिला आडवा दांडा आणि दोन चाकं बसवली होती, वर लोखंडी पेटी आणि पेटीत समोरासमोर दोन बाकडी. एवढ्या गाडीला सरकारची परवानगी आहे का, हे गावात कुणी कुणाला विचारत नसे.

अप्पा जातीचे लिंगायत वाणी. वाटण्या झाल्या तेव्हा किराण्याचं दुकान धाकट्या भावाकडे गेलं आणि तागडी अप्पांच्या हातून सुटली, पण डोक्यातून काही सुटली नाही. मला पहिल्याच दिवशी त्यांनी समजावून सांगितलं होतं, "बाई, ही मागली दोन चाकं म्हंजे पारडी. पुढलं चाक म्हंजे काटा. काटा हालला की समदं संपलं."

म्हणून माणसं चढताना अप्पा एकेकाला डोळ्यांनी तोलायचे. "पाटील, तुमी डाव्या अंगाला. बाई, तुमी उजव्या. अन् ही गुळाची ढेप मांडीवर घ्या."

"कावून?" इतक्या दिवसांत मीही 'का' सोडून 'कावून' म्हणायला शिकले होते.

"तुमी कमी भरताव."

कमी भरते म्हणून मी केजपर्यंत गुळाची ढेप नेली, कुणाचं तरी रडकं नातवंड नेलं, एकदा तर जिवंत बोकड नेला. नव्या जोडप्याला अप्पा शेजारी बसू देत नसत, कारण नवरा भरलेला आणि नवरी किडकिडीत. बिचारी एकमेकांसमोर बसून केजपर्यंत चोरून बघत राहायची. कुणी कुरकुर केली की अप्पांचं एकच, "हवेचा भरवसा न्हाई, बाबा. दिसत न्हाई, अन् तिच्यावरच बसलाव समदे."

आता मी मुळातच भित्री. पाल दिसली तर दोन दिवस त्या खोलीत न जाणारी. आणि भीती जांभईसारखी असते, एकाला आली की शेजारच्याला येतेच. पहिल्या महिन्यात मी अप्पांना हसले. दुसऱ्या महिन्यात धावत्या गाडीत माझाही कान चाकाकडे लागायला लागला. तिसऱ्यात मीच ओरडू लागले, "अप्पा, डावीकडे फुस्स झालं हो!" अप्पा तत्काळ थांबायचे. माझ्या शब्दाला साऱ्या जगात इतका मान आजवर कुणी दिलेला नाही. बाकीचे प्रवासी मात्र दातओठ खायचे. "बाई, ते येक येडं हायच. तुमी आनिक कावून पेटवताव त्याला?"

अशात अप्पांच्या पुतण्याने पुण्याहून हवा मोजायची कांडी आणली. पेनासारखी चकचकीत. टायरच्या तोंडाला लावली की मागून आकड्यांची पट्टी सरकन बाहेर यायची. पुतण्याला वाटलं, आता काकाचं चाकाला कान लावणं थांबेल. झालं उलटंच. आतापर्यंत अप्पांना नुसती भीती होती, आता तिला आकडा मिळाला. गळ्यात लिंग आणि खिशात कांडी. सकाळी आंघोळ करून लिंगाची पूजा झाली की लगेच अंगणात येऊन कांडी लावायची. पट्टी जरा जास्त सरकली तरी घाम, जरा कमी सरकली तरी घाम. "अन् ही कांडीच खोटं बोलत आसंल तर?" असं म्हणून कान आणि बोटाचं पेरही चालूच राहिलं.

उन्हाळ्यात तर कहर. डांबर वितळायला लागलं की अप्पा दर थांब्यावर टायरमधून थोडी हवा सोडून द्यायचे. "तापली की हवा दुधासारखी उतू जाती. जरा कमी केली की धोका न्हाई." पंक्चर काढणारा चाँदभाई कपाळाला हात लावायचा. "अप्पा, नरम चाक ज्यादा तपता है! हवा मत छोडो, हात जोडता हूँ." अप्पा त्याचं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि कोपऱ्यावर गेले की फुस्स.

हे सगळं मी हसत सांगते आहे खरी, पण एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकायची. अख्खं वडगाव तिपाईत बसलं होतं, पण अप्पांच्या घरच्या, गिरिजाकाकू, कधीच बसल्या नव्हत्या. अप्पा बसूच देत नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिच्यानं तोल जातो. लई जड हाय ती."

काकू माझ्या मांडीवरच्या गुळाच्या ढेपेहून फार भरल्या नसत्या.

माहेर त्यांचं तेलगावचं. वर्षातून एकदा जायच्या, तेही एसटीने. अप्पा त्यांना वडगावला एसटीत बसवून द्यायचे आणि स्वतः रिकामी तिपाई घेऊन एसटीच्या मागे निघायचे! दर थांब्यावर गाठायचे आणि एसटीचं चाक बोटाने वाजवून बघायचे. एकदा मी त्याच गाडीत होते. ड्रायव्हर खिडकीतून अंगावर आला, "ओ अप्पा! काय लावलंय बे? सरकारी चाक हाय ते!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "सरकारी हाय म्हनूनच बगायलो."

सगळी गाडी हसली. काकूही हसल्या, पण पदराआड. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आख्ख्या गावाचं बूड टेकलंय त्या बाकड्याला, बाई. माजंच तेवडं न्हाई. येकडाव तरी बसावं म्हनते."

तो एकडाव आला मे महिन्यात. काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, तेलगावला, संध्याकाळच्या मुहूर्तावर. त्या पोरीला आई नव्हती. लहानपणी दोन वर्षं काकूंनीच तिला वडगावला आणून सांभाळलं होतं. आत्या पोचली नाही तर तिला मांडवात आणायला घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. आदल्या दिवशी काकूंना ताप होता म्हणून निघणं लांबलं होतं. सकाळी ताप उतरला तशा त्या गाठोडं घेऊन एसटीच्या फाट्यावर आल्या, मागोमाग नेहमीसारखे अप्पा रिकामी तिपाई घेऊन. मीही माझी ट्रंक घेऊन तिथेच होते, सुट्टी लागली होती आणि मला तेलगाववरून पुढे माजलगावला घरी जायचं होतं.

एसटी आली नाही. तासाभराने एक दूधवाला सांगत आला, "आज कशाची एसटी? समद्या गाड्या बीडला सभेला गेल्यात. मोठा पुढारी यायलाय."

अप्पांचा चेहरा उतरला. "उद्या जाऊ," म्हणाले.

"लगीन आज हाय," काकू म्हणाल्या.

"मंग यखांदी जीप बगू."

"जिपाबी सभेलाच गेल्यात," दूधवाला म्हणाला.

काकूंनी गाठोडं उचललं, तिपाईपाशी गेल्या आणि पेटीत चढून बाकड्यावर बसल्या. त्यांच्यामागून मीही ट्रंक घेऊन चढले. अप्पा नुसते बघत राहिले. मग खिशातून कांडी काढली. तिन्ही चाकांना दोन-दोनदा लावून बघितली.

त्या दिवशीसारखा प्रवास वैऱ्यालाही नको. दोन मैल गेलं की थांबा. कान, पेर, कांडी, फुस्स. केजला फुस्स. पुढे एका लिंबाखाली फुस्स. काकू गाडीत होत्या म्हणून अप्पांना प्रत्येक चाक फुटायला टेकल्यासारखं वाटत होतं. धारूर येईतो मागची चाकं जमिनीशी पसरून बसली होती. गाडी आळोखेपिळोखे देत चालत होती. मला राहवलं नाही. "अप्पा, चाक बसलंय हो. चाँदभाई काय म्हणाला होता?"

"बसू द्या. फुटन्यापरीस बसल्यालं बरं."

मग घाट लागला. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, आणि मधे आम्ही. रबर जळल्याचा वास आधी मला आला. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वळणावर डावं चाक गेलं. मोठा आवाज झालाच नाही. काहीतरी फाटत गेलं, पेटी दरीकडे कलली, लोखंड रस्त्यावर खरखरत घासत गेलं. माझी ट्रंक सुटून रस्त्यावर आदळली. दरीच्या तळाशी वाळलेली झाडं दिसली, अगदी स्पष्ट. मरताना माणसाच्या तोंडी देवाचं नाव येतं म्हणतात. माझ्या तोंडून, हजेरीतल्या पोरासारखं, आलं, "हजर!"

कठड्याच्या दगडाला टेकून गाडी थांबली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. काकू बाकड्याचा दांडा घट्ट धरून बसल्या होत्या. अप्पा मात्र हँडल सोडायला तयार नव्हते. त्यांनी चाकाकडे बघितलं नाही, मागेही बघितलं नाही. समोर रस्त्याकडे बघत तसेच बसून राहिले. शेवटी काकूच उतरून पुढे गेल्या तेव्हा अप्पांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले. 

तेवढ्यात मागून तेलगावकडे जाणारा एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. "मावशी, चला, बसा. तेलगावला सोडतो."

अप्पा उठलेच. "जा. तू जा ट्रकनं. म्या येतो मागनं."

"म्या न्हाई," काकू म्हणाल्या.

"आगं, जा की! लगीन हाय ना तिकडं?"

"दर बारीला मागनंच येताव. मला फुडं येकटीला बसवताव अन् मागं तुमी येकटे. कावून?"

अप्पांनी एकदा ट्रककडे, एकदा माझ्याकडे बघितलं. परक्या माणसांसमोर बोलायची गोष्ट नव्हती ती, पण त्या दिवशी त्यांना कुणाची लाज उरली नव्हती. "तुला कायी झालं तर?" ते म्हणाले. "लेकरू न्हाई, बाळ न्हाई. भाऊ हाय तो दुकानापुरता. सांजच्याला घरी येऊन दार उघडलं तर हाक कुनाला मारू म्या?"

काकूंनी पदराने त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली. "अन् तुमाला झालं तर म्या कुनाला मारू?" त्या म्हणाल्या. "त्ये कधी बगितलंव का?"

अप्पांनी ते कधी बघितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.  इतके दिवस मी समजत होते, हा माणूस स्वतःच्या मरणाला भितो.

ट्रकवाल्याने खाकरून विचारलं, "जादा चाक हाय का?" होतं. त्याने आणि अप्पांनी मिळून ते चढवलं, दुसऱ्या चाकातही पंपाने हवा भरली, आणि जाताना तो सांगून गेला, "आता तेलगावपतोर याला हात लावू नका, काका."

निघताना अप्पांनी माणसं पुन्हा मांडली. मला ट्रंकेसकट पेटीत मधोमध बसवलं. काकू पेटीत चढायला लागल्या तर म्हणाले, "तिथं नगं." आणि पुढे फटफटीच्या सीटवर, आपल्या पाठीमागे, हाताने थोपटून जागा दाखवली. तिथे आजवर कुणीच बसलेलं नव्हतं. काकू लाजत एका अंगावर बसल्या आणि त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही लग्नाला वेळेवर पोचलो. पोरीला आत्यानेच मांडवात आणलं. पण मला त्या दिवसातला घाटाचा उतारच जास्त आठवतो. अप्पा कुठेही थांबले नाहीत. फक्त प्रत्येक वळणाच्या आधी मान जराशी मागे वळवायचे आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून विचारायचे, "हायस ना?"

"हाय," काकू म्हणायच्या.

त्यांचा हात सगळा वेळ अप्पांच्या खांद्यावरच होता. तरी विचारायचे.