दाजीकाकांचं इंजान

दाजीकाका स्वतःच्या हृदयाला इंजान म्हणतात. छातीत धडधडतं असं ते कधीच सांगत नाहीत. "इंजान तापला आसा गो," एवढंच. रेडी बंदरात खनिजाच्या बार्जीवर इंजिन सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रक्तदाब हा शब्द त्यांच्यापुढे टिकतच नाही. तो प्रेशर.

वेंगुर्ल्यातल्या ज्या दवाखान्यात मी नुकतीच दातांची डॉक्टर म्हणून लागले, तिथे ते किडलेली दाढ घेऊन आले. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खालचं पेडल दाबून बघितलं आणि म्हणाले, "तेल घालूक व्हया." मग बसले. मी दंडाला पट्टा बांधला.

"वरचो किती? खालचो किती?"

"एकशे ऐंशी. आणि खालचं एकशे दहा."

"भायर बाकड्यार होतंय तेवा बरो होतंय. तुमच्या खुर्चीतच बिघाड आसा."

त्यात थोडं तथ्य होतं. खुर्चीत बसल्यावर भीतीने बऱ्याच जणांचा दाब वाढतो. वर भुलीच्या इंजेक्शनात जे औषध असतं त्यानेही काही वेळ नाडी जोरात पळते. हे मी त्यांना पुस्तकी मराठीत, खाली बघत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तापलेल्या इंजनाक तुम्ही आणखी रेस देतलास."

माझ्या पाच वाक्यांचं काम त्यांनी एका वाक्यात उरकलं होतं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही मॅडम म्हणतो. मॅडमनी त्यांना आधी दाबाच्या गोळ्या सुरू करायला लावल्या. दाब बऱ्यापैकी उतरला, पण मॅडमची एक अट होती. या वयात, अशा दाबावर दाढ काढायची तर घरचं कुणीतरी सोबत हवं.

"सोबत कोण आलंय, काका?" मॅडमनी विचारलं.

"मागसून येता."

मागून कुणी आलं नाही. पुढच्या खेपेलाही "मागसून येता." तेव्हाही कुणी नाही. दोनदा ते तसेच बस पकडून परत गेले. तोवर गाल सुजला होता आणि पेजेशिवाय काही तोंडात घेता येत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतली सुपारी मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"ही सोबत."

"काका, ही काय थट्टा?"

"थट्टा कित्याक? बायल नसली तर माणूस कमराक सुपारी लावन पूजेक बसता. सत्यनारायणाक चलता, तुमच्या दाढेक चलना नाय?"

मॅडम खळखळून हसल्या. काकाही हसत होते. मी तेव्हा त्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावत होते. यंत्रावरचा आकडा ब्याण्णववरून एकशे आठवर गेला.

मॅडमनीही तो पाहिला असावा. म्हणाल्या, "बरं. पण दाढ काढल्यावर अर्धा तास इथेच थांबायचं. ही बसेल तुमच्याजवळ."

ही म्हणजे मी.

इंजेक्शन दिलं तेव्हा आकडा एकशे अठरा झाला. "चडलो मां?" त्यांनी बधिर होत चाललेल्या ओठांतून विचारलं, जरा अभिमानानेच. दाढ निघाली. मॅडमनी जागेवर कापसाची घडी ठेवली. अर्धा तास दाबून धरायची, तोंड अजिबात उघडायचं नाही.

दाजीकाका गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहत होते. ते खुर्चीत, मी स्टुलावर, मध्ये यंत्राची टिकटिक. आकडा एकशे बारावर अडून बसला होता. मॅडम आत डोकावल्या. "अगं, बोल की काहीतरी त्यांच्याशी."

बोलणं हे माझं खातं नव्हे. आमच्या घरी मालवणीही फारशी कुणी बोलत नाही. तरी सुरुवात केली. "काल आमचो मांजर भिंतीवरसून पडली."

काकांच्या भुवया वर गेल्या. खांदे हलू लागले.

"हसू नका, रक्त येईल! पडलो?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"पडला?"

हो. म्हणजे आपल्या 'पडलं'चं मालवणीत 'पडला'. मग बोट मागे फिरवून त्यांनी आधीची आणखी एक चूक राहिल्याची खूण केली. 'आमचो'चंही मी 'आमचा' केलं. अशा दुरुस्त्या करत करत गोष्ट पुढे सरकली. मांजर मासळीवालीच्या टोपलीत पडलं, तिने शिव्या दिल्या, ते एक बांगडा घेऊन पळालं. एकशे चार. शहाण्णव. मी सांगत राहिले. चौऱ्याऐंशी. पट्टा बांधून बघितलं, तर दाबही खाली आला होता.

"काका, अर्धा तास झाला. कापूस काढूया. उघडा तोंड."

त्यांनी मान हलवली. जबडा आणखी घट्ट आवळला आणि मोकळ्या हाताने मला खूण केली. पुढे?

मांजर बांगडा खाऊन केव्हाच झोपलं होतं. पुढे काहीच नव्हतं. मी स्टूल जरा जवळ ओढलं, "मगे..." म्हटलं आणि आमच्याकडे नसलेलं दुसरं एक मांजर भिंतीवर चढवलं.